कपलर दोनदा वितळला, फ्यूज एकदाही गेला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००५ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक. गाडी रत्नागिरीत असते आणि महिन्यातून दोन-तीनदा रात्रीची आंबा घाटाने कोल्हापूरला जाते. डाव्या हेडलाइटच्या बल्बमागचा कपलर, म्हणजे बल्बला तारा जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग, दीड वर्षात दोनदा वितळला. दोन्ही वेळा नवा कपलर जोडून घेतला, एकदा बल्बही बदलला. आता पुन्हा अर्धा तास दिवे लावले की बॉनेटमधून जळकट वास येतो. उजवी बाजू ठणठणीत आहे. गॅरेजवाल्याचं म्हणणं, कुठेतरी शॉर्ट आहे, सगळं वायरिंग बदला. मालक विचारतात, शॉर्ट असेल तर फ्यूज का उडत नाही?

एकतीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो आहे. तुमची शंका अगदी बरोबर आहे. हा शॉर्ट नाही, आणि सगळं वायरिंग बदलायची गरजही बहुतेक पडणार नाही. पण आधी एक सांगतो. वास येत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत रात्रीचा घाट करू नका. डिम लागली असताना कपलर सुटला तर वळणावर एका बाजूचा उजेड एकाएकी जातो, आणि वितळलेल्या प्लॅस्टिकमधून दोन पिना एकमेकींना चिकटल्या तर तेव्हा मात्र खरोखरचा शॉर्ट होईल.

आता फ्यूज का जात नाही ते. तुमच्या गाडीत एच-४ बल्ब आहे, ६०/५५ वॅटचा. फुलला ६०, डिमला ५५. बारा व्होल्टला डिम साधारण साडेचार अँपिअर घेते, फुल पाच. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट असतात, तेव्हा थोडं जास्त. एवढे अँपिअर चांगल्या पिनेला काहीच नाहीत. पण पीन आणि बल्बचं पातं यांच्यामध्ये समजा ०.१ ओहमचा रोध तयार झाला. पाच अँपिअरला तिथे अर्धा व्होल्ट अडतो आणि अडीच वॅट उष्णता त्या एका टोकावर निघते. रोध ०.३ ओहम झाला की सहा वॅटच्या आसपास. तुमच्याच हेडलाइटमधला पार्किंगचा छोटा बल्ब ५ वॅटचा आहे, आणि पेटलेला असताना तो चिमटीत धरवत नाही. तेवढी उष्णता प्लॅस्टिकच्या बंद घरट्यात, तीही हॅलोजन बल्बच्या तापलेल्या बुडाला लागून, तासभर निघत राहिली तर प्लॅस्टिक वितळणारच.

आणि या सगळ्यात करंट वाढलेला नसतो. मधे रोध आल्यामुळे उलट किंचित कमीच झालेला असतो. फ्यूज फक्त करंट बघतो. त्याच्या लेखी सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. म्हणून मोठा फ्यूज टाकून किंवा फ्यूज पुन्हा पुन्हा तपासून या दोषाबद्दल काहीही कळत नाही.

हा रोध येतो कुठून? कपलरमधली पीन पितळेची असते आणि तिच्यावर कथलाचा पातळ मुलामा असतो. म्हणजे कल्हईच. आपल्याकडे पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की त्यातलं ताक कळकतं, तसंच हेही. कल्हई उडाली की पीन काळी पडते, किनाऱ्याकडच्या गाडीत हिरवी पडते. रत्नागिरीची खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यात बल्बमागचं रबरी बूट फाटलेलं असेल तर दोन पावसाळ्यांत काम होतं. पितळेचा दुसरा गुण असा की ते एकदा चांगलं तापलं की त्याची स्प्रिंग मरते. पिनेची पकड ढिली पडते, पकड ढिली झाली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते. म्हणून हा दोष सुरुवातीला महिनोन्महिने कळत नाही आणि शेवटी आठवड्याभरात कपलर खाऊन टाकतो.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे उजवी बाजू ठीक आहे. स्टिअरिंगखालचा स्विच, रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असेल तर तो, बॅटरीपासून येणारी मुख्य तार, अल्टरनेटरचं व्होल्टेज, हे सगळं दोन्ही दिव्यांना सामाईक आहे. तिथे बिघाड असता किंवा चार्जिंग जास्त होत असतं तर दोन्ही बाजूंना त्रास दिसला असता. एकच बाजू जळते म्हणजे दोष त्या बाजूच्या हातभर वायरिंगमध्ये आहे: बल्बची पाती, कपलरच्या पिना, पिनेमागचं क्रिम्पिंग (पीन तारेवर दाबून केलेला जोड) आणि त्या बाजूची अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली मायनसची तार. दोन्ही बल्ब एकाच वॅटचे आहेत ना, एवढं मात्र काढून वाचून बघा. डावीकडे कुणीतरी मोठा बल्ब टाकून ठेवला आहे आणि मालकाला पत्ताच नाही, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

आता बघायला लागा. दिवे बंद, बल्ब थंड झालेला, मगच कपलर ओढा. वितळून चिकटला असेल तर हलवत हलवत काढा, जोर करून बल्ब फोडू नका. तिन्ही पिनांपैकी कोणती जळली ते आधी नीट पाहा आणि मोबाइलवर फोटो काढा. एच-४ च्या तीन पात्यांत आडवं पातं डिमचं, बाजूच्या दोन उभ्यांपैकी एक फुलचं आणि एक सामाईक. आडवी पीन जळाली तर नवल नाही, डिम सर्वांत जास्त वेळ लागलेली असते. सामाईक पीन जळाली असेल तर लक्ष द्या. तिच्यातून डिम आणि फुल दोन्हींचा करंट जातो, आणि काही गाड्यांत पासिंग देताना क्षणभर दोन्ही एकदम लागतात, तेव्हा तिला दहा अँपिअर पेलावे लागतात.

मग तारेकडे वळा. पिनेपासून पहिल्या एक-दोन इंचांतच इन्सुलेशन कडक, तपकिरी झालं असेल आणि पुढे तार मऊ असेल, तर उष्णता जोडातून आली आहे. तार लांबपर्यंत कडक झाली असेल तर तिच्यातून तिच्या कुवतीपेक्षा जास्त करंट गेला आहे, म्हणजे मोठा बल्ब किंवा बारीक तार. बोटांनी तार वाकवली की हे दोन्ही वेगळे कळतात. या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि निम्मं निदान इथेच होतं.

बाकीचं निम्मं मीटरने. इथे बहुतेकांची चूक होते. कारागीर कपलर काढतो, मीटर बीपवर लावतो, या टोकाला एक पीन, त्या टोकाला एक, मीटर बीप करतो आणि तो म्हणतो, वायरिंग ओके. बीपचा करंट मिलिअँपिअरमध्ये असतो. वीस धाग्यांपैकी एक धागा शिल्लक असला तरी मीटर बीप करेल. त्या एका धाग्यावर पाच अँपिअर सोडल्यावर काय होतं हे बीपला कळत नाही. मोजायचं ते दिवा पेटलेला असताना, सगळं जोडलेलं असताना, व्होल्टमध्ये.

असं करा. मीटर डीसी २० व्होल्टवर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. मफलर, शर्टाच्या बाह्या, मीटरच्या तारा पंख्यापासून लांब. डिम लावा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा, कारण थंड जोड चांगला वागतो आणि गरम झाल्यावर खरं रूप दाखवतो. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज घ्या. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवं. १४.८ च्या वर असेल तर रेग्युलेटर बघावा लागेल, तो वेगळा विषय.

आता कपलरच्या मागून, जिथे तार आत शिरते तिथून, बारीक टाचणी तारेच्या कडेने धातूपर्यंत सरकवा. टाचणी दुसऱ्या पिनेला किंवा पत्र्याला लागू देऊ नका. मीटरचं एक टोक त्या टाचणीवर. दुसरं टोक त्याच पिनेच्या बल्बच्या पात्यावर. कपलर केसभर मागे ओढला की पात्याची कड दिसते. म्हणजे आपण फक्त एका जोडाच्या दोन बाजूंना मीटर लावला आहे. चांगला जोड इथे ०.०५ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाखवतो. ०.१ पर्यंत मी जुन्या गाडीत चालवून घेतो. ०.३ च्या पुढे गेला की तो जोड जळणार, फक्त कधी एवढाच प्रश्न. तिन्ही पिनांवर हे करा. फुलच्या पिनेसाठी अर्थातच फुल लावून. मीटर लावलेला असताना मागची तार हळू हलवा. आकडा नाचला तर क्रिम्पिंग सुटलेलं आहे.

यानंतर दोन लांबची मापं घ्या. बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लस पात्यापर्यंत, आणि बल्बच्या अर्थ पात्यापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. पहिल्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी, दुसऱ्यात ०.२ पेक्षा कमी हवं. अर्थच्या बाजूला आकडा मोठा आला तर मडगार्डच्या आत, हेडलाइटजवळ अर्थचा नट असतो, तो शोधा. त्याच्याखाली गंज नाहीतर रंग सापडेल. एक सांगून ठेवतो, काही जपानी घराण्यातल्या गाड्यांत सामाईक पीन प्लसची असते आणि डिम-फुल स्विच अर्थच्या बाजूला असतो. म्हणून तारेच्या रंगावरून ठरवू नका, दिवा लावून कोणत्या पिनेवर काय येतं ते मीटरनेच ठरवा. रिले बसवायची वेळ आली तर हे माहीत असणं फारच गरजेचं आहे.

एक गाडी सांगतो, म्हणजे मी क्रिम्पिंगवर एवढा भर का देतो ते कळेल. चिपळूणच्या एका शिक्षकांची गाडी, तक्रार हुबेहूब तुमचीच. नवा कपलर, नवा बल्ब, आणि तरी तीन महिन्यांत डिमची पीन काळी. पिनेचं तोंड बाहेरून स्वच्छ दिसत होतं, बल्बवर घट्ट बसत होतं. बीप व्यवस्थित. पण दहा मिनिटं पेटवून मापलं तर तार ते पातं ०.६२ व्होल्ट. मी पीन घरट्यातून बाहेर काढली आणि भिंगाखाली धरली. क्रिम्पिंग करणाऱ्याने तारेचं साल पुरेसं सोललंच नव्हतं. पिनेचे पुढचे कान, जे तांब्यावर मिटायला हवेत, ते निम्मे सालावर मिटले होते. तांब्याचे चारेक धागे कानात होते, बाकीचे बाहेर वळून काळे पडलेले. सगळी डिम त्या चार धाग्यांवर चालली होती. पुढचं प्लॅस्टिक जळत होतं आणि मूळ मागे होतं. नवी पीन नीट दाबल्यावर तोच आकडा ०.०३ वर आला.

तुमच्याकडे दोनदा कपलर बदलूनही तो पुन्हा जळतो, त्यामागे माझा पहिला संशय हाच आहे. दुसरा संशय असा की नवा कपलर जुन्या जळक्या तारेलाच जोडला गेला. तापलेलं तांबं काळं पडतं, आणि काळ्या तांब्यावर कितीही घट्ट क्रिम्प केलं तरी जोड चांगला होत नाही. तिसरा, कपलर बदलला तेव्हा बल्ब जुनाच राहिला, किंवा बल्ब बदलला तेव्हा कपलर जुना. जळक्या पात्यावर नवी पीन बसवली की ती पीनही नासते. ही दोघं बदलायची ती एकाच दिवशी.

दुरुस्ती अशी करा. बॅटरीचं मायनस काढा. जळलेल्या भागापासून मागे तार कापत जा, लख्ख गुलाबी तांबं दिसेपर्यंत. दोन इंचांत दिसलं तर उत्तम. वीतभर मागे गेलं तरी काळंच असेल तर पुढच्या जोडापर्यंत ती तार नवीन ओढा. नवी तार १.५ चौरस मिलिमीटरची, ऑटोची. घराच्या वायरिंगची उरलेली तार इथे वापरू नका. तिचं साधं पीव्हीसी ७० अंशांसाठी असतं, आणि बल्बच्या मागे त्याहून जास्त तापतं.

कपलर सिरॅमिकचा मिळतो तो घ्या, उष्णता सोसतो. पण सिरॅमिक घेतला म्हणजे रोग बरा झाला असं समजू नका. आतली पीन वाईट असेल तर सिरॅमिक वितळणार नाही, एवढंच. पीन तशीच तापत राहील आणि उष्णता तारेत शिरेल. म्हणून दुकानात कपलर घेताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. पिना चुंबकाला चिकटल्या तर त्या पत्र्याच्या आहेत, वर नुसता मुलामा. परत करा. दुसरी परीक्षा, सुटी पीन बल्बच्या पात्यावर चढवून बल्ब उलटा धरा आणि झटका द्या. पीन गळून पडली तर घेऊ नका. काढताना थोडी ओढ लागली पाहिजे.

सोललेलं तांबं पुढच्या कानात, साल मागच्या कानात, आणि दाबायला क्रिम्पिंगचा पाना. पक्कडीने चेपलेली पीन मी माझ्या दुकानात चालवून घेत नाही. क्रिम्प करून वर सोल्डर टाकायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. सोल्डर धाग्यांतून मागे झिरपतं, तार तिथे काडीसारखी कडक होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी बरोबर त्या काठावर तुटते. शिवाय नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना मऊ व्हायला लागतं, ते तापणाऱ्या जोडात असू नये. तार-तार जोड द्यायचा असेल तर तो बल्बपासून वीतभर लांब, क्रिम्प केलेला, वर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. नुसती काळी टेप पहिल्याच उन्हाळ्यात सुटते.

पिना पॉलिश पेपरने घासू नका. चकाकी येते, पण उरलेली कल्हई जाते आणि महिन्याभरात पीन पहिल्यापेक्षा काळी. हिरवी झाक असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि जुना टूथब्रश. काळी पडली असेल तर बदला. रबरी बूट नवीन घ्या, अगदी स्वस्त मिळतं. ते नसेल तर वरचं सगळं काम पुढच्या पावसाळ्यापर्यंतच टिकेल. बल्बच्या काचेला बोट लावू नका, हे तुम्हाला माहीत असेलच.

आता मोठ्या बल्बबद्दल, कारण घाटातून जाणाऱ्या माणसाला हा मोह होतोच. एच-४ बल्ब १९७१ साली आला आणि त्याचं बूड अजून तेच आहे. त्यामुळे १००/९० वॅटचा बल्बही तुमच्या होल्डरमध्ये आरामात बसतो. बसतो म्हणून तो चालतो असं नाही. करंट ५ वरून सव्वाआठ अँपिअरवर जातो, आणि जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच पिनेत पावणेतीन पट. रिफ्लेक्टर काळवंडतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि रस्त्यावर वापरायला त्याला मान्यताही नाही.

खरी गोष्ट अशी आहे की तुमचा ६०/५५ चा बल्ब तुम्ही पुरता पेटलेला कधी बघितलाच नसेल. हॅलोजनला मिळणारं व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत एक-दीड व्होल्ट वाटेतच गेलेला असतो. मालकाला वाटतं बल्ब कमजोर आहे, तो मोठा बल्ब टाकतो, जोड आणखी तापतो, आणखी व्होल्ट अडतो. ही साखळी मी इतक्या गाड्यांत पाहिली आहे की कुणी उजेड कमी म्हटलं की मी आधी मीटर काढतो. जोड सुधारून व्होल्टेज पूर्ण पोचवलं तर साध्या बल्बवर घाट स्वच्छ दिसतो. एलईडी बल्ब करंट कमी घेतो म्हणून कपलर वाचतो हे खरं, पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा झोत फाटतो. घाटात समोरून एसटी येत असताना मला तो नको वाटतो.

रिले बसवायचा का? तुमच्या गाडीत मुळात रिले नसेल, म्हणजे दोन्ही दिव्यांचे नऊ-दहा अँपिअर स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जात असतील, तर बसवा. अर्धा तास दिवे लावून त्या स्विचच्या आवरणाला हात लावून बघा. कोमट लागलं तर वाट बघू नका. डिमला एक, फुलला एक असे दोन रिले घ्या. बॅटरीच्या प्लसपासून २.५ चौरस मिलिमीटरची तार आणि तिच्यावर बॅटरीजवळच, वीतभराच्या आत, १५ अँपिअरचा फ्यूज. ही तार रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून बल्बला, आणि जुनी तार फक्त ८५-८६ ला, रिले ओढायला. त्याला पाव अँपिअरही लागत नाही, त्यामुळे स्विचचं आयुष्य वाढतं. रिले पाच पायांचा मिळाला तर मधला ८७ए मोकळा सोडून टेप लावा. स्विच अर्थच्या बाजूला असलेल्या गाडीत ही जोडणी बदलते, बाजारातलं तयार किट डोळे झाकून लावू नका. आणि हे सगळं कपलर आणि अर्थ नीट केल्यावर. आजारी कपलरला रिलेने पूर्ण व्होल्टेज दिलं तर तो आणखी लवकर वितळेल.

काम झाल्यावर पुन्हा दहा मिनिटं डिम लावून तीच मापं घ्या. तिन्ही जोडांवर ०.०५ च्या आत आलं तर घाट करायला हरकत नाही. परत आल्यावर कपलर एकदा ओढून पिनेचा रंग बघा, आणि गणपतीच्या सुमारास, पाऊस सरत आला की, पुन्हा एकदा.

सध्या मला एवढं कळवा: डाव्या बाजूची कोणती पीन जळली आहे, तार किती लांबपर्यंत कडक आहे, आणि गरम झाल्यावर तार ते पातं, बॅटरी प्लस ते बल्ब, बल्ब ते बॅटरी मायनस हे तीन आकडे. उजव्या बाजूचेही तेच तीन घ्या. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की वायरिंगला किती हात लावायचा ते नक्की सांगता येईल. तोपर्यंत गॅरेजला सगळं वायरिंग उतरवू देऊ नका.